पोशिंद्याची जागा हौद्याबाहेर

कोल्हापुरात कुस्तीच्या भवितव्याची चर्चा निघाली की ती हमखास दोन तोंडांनी चालते. एक पक्ष म्हणतो, शाहू महाराजांसारखा पोशिंदा मिळाल्याशिवाय तालमी वर येणार नाहीत. एखाद्या कारखानदारानं, बिल्डरनं, कंपनीनं पुढं यावं आणि दहा-वीस पोरं दत्तक घ्यावीत. दुसरा पक्ष म्हणतो, पैसेवाल्यानं उंबरा ओलांडला की तालीम त्याची होते, पोरं त्याची होतात, आणि पुढं काय होतं ते अमेरिकेत जॉन ड्यू पॉन्ट या धनिकानं, पदरी ठेवलेल्या पैलवानाचाच खून करून, दाखवून दिलंय. २०१४ साली त्या घटनेवरचा ‘फॉक्सकॅचर’ हा चित्रपट आल्यापासून हा दाखला दुसऱ्या पक्षाच्या तोंडी पक्का बसला आहे. त्यावर पहिल्या पक्षाचं उत्तरही ठरलेलं: तो माणूस वेडा होता, आपल्या मातीत असलं काही होत नाही. वाद तिथंच थांबतो आणि तालमीचं छप्पर गळायचं ते गळतच राहतं.

दोन्ही पक्ष माणसाच्या स्वभावावर भांडतात, व्यवस्थेकडं कुणी पाहत नाही. पैलवानाला बाहेरचा पैसा लागतो आणि तो त्यानं मोकळ्या मनानं घ्यावा. पण ज्याच्या पैशावर खुराक चालतो, त्याच माणसाच्या हातात खोलीची किल्ली, वस्तादाचा पगार आणि निवडीची यादी असता कामा नये. देणारा भला असो वा बुरा, ही चार सूत्रं एका मुठीत गेली की पैलवानाला ‘नाही’ म्हणायची सोय उरत नाही. फॉक्सकॅचरवर, म्हणजे ड्यू पॉन्टच्या इस्टेटीवर, जे घडलं ते या मुठीमुळं घडलं.

घटना काय होती ते आधी नीट पाहू, कारण आपल्याकडं ती फारच ढोबळ सांगितली जाते. मार्क आणि डेव्ह शुल्ट्झ हे सख्खे भाऊ. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये दोघांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदकं जिंकली, मार्कनं ८२ किलोत आणि डेव्हनं ७४ किलोत. डेव्ह त्याआधीच, १९८३ ला, जगज्जेता झालेला. एवढं करूनही दोघांच्या हाती पोट भरेल असं काही नव्हतं. सोव्हिएत पैलवानाला सरकार पोसत होतं. अमेरिकन पैलवान हौशी, त्यानं कुठल्यातरी कॉलेजात सहायक प्रशिक्षकाची नोकरी धरायची आणि उरलेल्या वेळात मेहनत करायची. अशा वेळी ड्यू पॉन्ट या प्रचंड श्रीमंत रसायन उद्योगाच्या घराण्याचा वारस पुढं आला. आधी त्यानं विलानोव्हा विद्यापीठाला देणगी देऊन तिथं कुस्ती सुरू करवली आणि मार्कला तिथं बोलावून घेतलं. १९८८ मध्ये विद्यापीठानं तो संघ गुंडाळला, तेव्हा कुस्ती त्याच्या स्वतःच्या इस्टेटीवर आली: पेनसिल्व्हेनियातलं न्यूटाउन स्क्वेअर, सुमारे ८०० एकर, सुसज्ज आखाडा, राहायला घरं, महिन्याचा पगार. मार्क त्याच वर्षी सेऊलच्या ऑलिंपिकनंतर तिथून निघून गेला. डेव्ह बायकामुलांसह राहायला आला. २६ जानेवारी १९९६ रोजी, अटलांटा ऑलिंपिक सहा महिन्यांवर असताना, ड्यू पॉन्ट गाडीतून डेव्हच्या दारात आला आणि त्याच्यावर तीन गोळ्या झाडल्या. डेव्ह ३६ वर्षांचा होता. पत्नीच्या डोळ्यांदेखत तो गेला. ड्यू पॉन्ट दोन दिवस हवेलीत दडून बसला. पोलिसांनी घर गरम ठेवणारी यंत्रणा बंद केली, ती बघायला तो बाहेर आला तेव्हा सापडला. १९९७ मध्ये ज्यूरीनं त्याला दोषी पण मनोरुग्ण ठरवलं, १३ ते ३० वर्षांची शिक्षा झाली आणि २०१० साली तो तुरुंगातच मेला.

आता पहिल्या पक्षाचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो माणूस खरोखर आजारी होता. भिंतींत हेर लपलेत, असं त्याला वाटायचं. एका मनोरुग्णाच्या कृत्यावरून सगळ्या देणगीदारांना कसं तोलायचं? मुद्दा रास्त आहे, पण अर्धाच. आजार एका रात्रीत आला नव्हता. १९९५ मध्ये त्यानं कृष्णवर्णीय मल्लांना निव्वळ रंगावरून इस्टेटीबाहेर काढलं. त्याच वर्षी एका मल्लावर बंदूक रोखली. त्या मल्लानं पोलिसांत तक्रार दिली, तरी काही झालं नाही. हे सगळं उघड्यावर चाललेलं. मग कुणी थांबवलं का नाही? पोलीस त्याच्याच इस्टेटीवरच्या मैदानात नेमबाजीचा सराव करायचे. राष्ट्रीय कुस्ती संघटनेला त्याच्याकडून वर्षाला सुमारे चार लाख डॉलर यायचे. पैलवानांची घरं, पोरांच्या शाळा, ऑलिंपिकची तयारी, सगळं त्याच्या आवारात. खून झाला तेव्हा सुरक्षेसाठी ठेवलेला माणूस गाडीत त्याच्या शेजारीच बसलेला होता. असाच आजार रंकाळ्यावर भेळेची गाडी लावणाऱ्याला झाला असता आणि त्यानं बंदूक रोखली असती, तर पहिल्याच दिवशी त्याला धरून दवाखान्यात नेला असता. ड्यू पॉन्टला कुणी दवाखान्यात नेलं नाही, कारण ज्यांनी न्यायचं ते सगळे त्याच्या पगारावर किंवा देणगीवर होते. आजार त्याचा होता. आजूबाजूचं मौन पैशानं विकत घेतलेलं होतं.

त्याच्या आयुष्यातली आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या चर्चेत येत नाही, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. हा माणूस संग्राहक होता. शंखशिंपले आणि पक्षी जमवले, डेलावेअरमध्ये त्यांचं संग्रहालय उभारलं. १९८० मध्ये ब्रिटिश गयानाचं एक सेंटचं किरमिजी तिकीट, जगात त्याची एकच प्रत आहे, त्यानं ९ लाख ३५ हजार डॉलरला घेतलं. त्याआधी स्वतः खेळाडू व्हायची धडपड केली, पोहण्यात, मग आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये. ऑलिंपिकपर्यंत काही पोचता आलं नाही. मग त्यानं पैलवान जमवले. तिकिटाला मत नसतं, शंख निघून जात नाही. पैलवानाला मत असतं आणि तो जाऊ शकतो, हे संग्राहकाला सोसत नाही. त्यात त्याला नुसता देणगीदार राहायचं नव्हतं. ज्यांच्याकडून शिकावं अशा सुवर्णपदकवाल्यांसमोर त्याला ‘कोच’ म्हणून मिरवायचं होतं. आता हे चित्र आपल्या तालमीत आणून बघा. ज्याला ढाक आणि कलाजंग या डावांतला फरक कळत नाही असा माणूस गळ्यात शिट्टी अडकवून हौद्याच्या, म्हणजे मातीच्या आखाड्याच्या, काठावर उभा आहे, पोरं त्याला ‘वस्ताद’ म्हणताहेत, आणि खरे वस्ताद मान खाली घालून बाजूला उभे आहेत. जिथं हे घडतं तिथली तालीम त्याच दिवशी संपली असं समजावं. पुढं गोळी सुटते की नाही, हा नंतरचा भाग.

दुसऱ्या पक्षाचं म्हणणं मग खरं धरायचं का? पैसेवाला नकोच? असं म्हणणाऱ्यानं आधी एका पैलवानाचा महिना मांडून बघावा. मेहनतीच्या दिवसांत तीन लिटर दूध रोज लागतं. म्हशीचं दूध पासष्ट रुपयांनी धरलं तरी नुसत्या दुधाचे महिन्याला सहा हजार रुपयांच्या आसपास होतात. त्यावर थंडाईचे बदाम, खसखस, बडीशेप, मिरी. तूप, अंडी, आठवड्यातून तीन-चारदा मटण. पहाटे चारला उठून जोर-बैठका आणि लढत, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत. यात नोकरी बसत नाही. मिळकत कुठली? जत्रा-यात्रांची मैदानं. ती उन्हाळ्यापर्यंत जोरात चालतात, पावसाळ्यात बंद. ऐन हंगामात गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर ऑपरेशन, आणि पुन्हा लढतीला उभं राहायला साधारण नऊ महिने. त्या नऊ महिन्यांत इनाम शून्य आणि खर्च दुप्पट. बापाच्या दोन एकर उसावर हे भागत नाही. ‘पैसा नको’ हा सल्ला त्यामुळं शेवटी एवढाच उरतो, की ज्याच्या घरी पैसा आहे त्यानंच कुस्ती करावी.

खाशाबा जाधवांचं उदाहरण या बाबतीत कोल्हापूरनं विसरू नये. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर. आयुष्य लाल मातीत गेलेलं, मॅटशी ओळख नवी, तरी सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा संस्थान उरलं नव्हतं, सरकारी दारं ठोठावूनही पुरेसे पैसे जमेनात. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ५७ किलोत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पैसा नसता तर हे पदक नव्हतं. पण या पैशाची जात बघा. प्राचार्यांनी खाशाबांच्या डावांत ढवळाढवळ केली नाही, त्यांच्या पदकावर मालकी सांगितली नाही. खाशाबांनी पुढं कुस्त्यांची मैदानं भरवून पैसे उभे केले आणि घर सोडवून दिलं. देणं आणि फेड, दोन्ही उजळ माथ्यानं.

इथं शाहू महाराजांचं नाव घेऊन कुणी विचारेल, महाराजांच्या काळी तर सगळी सूत्रं त्यांच्याच हाती होती ना? होती. ते राजे होते. तालमींना आश्रय, मल्लांचा खुराक, मोठी मैदानं, सगळं दरबारातून चालायचं. त्यांच्या हातून अन्याय झाला नाही तो त्यांच्या मनाच्या मोठेपणामुळं, रचनेमुळं नव्हे, हे प्रामाणिकपणे कबूल केलं पाहिजे. आणि रचनेतला हा कच्चेपणा महाराजांनंतर दिसलाच: १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि पैलवानांचा राजाश्रय कागदाच्या एका सहीनं संपला. ‘शाहू महाराजांसारखा माणूस हवा’ असं म्हणणाऱ्यांनी सांगावं, तसा माणूस शंभर वर्षांत किती वेळा जन्मतो? दरम्यानच्या पिढ्यांनी काय करायचं?

तरी महाराजांनी एक गोष्ट अशी करून ठेवली की तिच्यात आजच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. १९०२ च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोममधलं कलोसियम पाहिलं आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. मधोमध हौदा आणि भोवती चढत जाणारी गोलाकार बैठक, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पाठ टेकली की नाही ते दिसावं अशी. राजवाड्याच्या आवारात खासगी आखाडा बांधून निवडक पाहुण्यांना कुस्त्या दाखवणं त्यांना सहज शक्य होतं. त्यांनी कुस्ती गावासमोर आणून ठेवली. खासबागेत जोड विजोड लागली तर लोक ओरडतात, पंचानं कुस्ती मुद्दाम सोडवली तर लोक उठून उभे राहतात, पैलवान दुखावलेला असताना लढवला तर दुसऱ्या दिवशी पेठेपेठेत त्याची चर्चा होते. फॉक्सकॅचरची कुस्ती फाटकाआड होती. तिथं काय चाललंय हे बघायला गाव नव्हतं, विचारायला पेठ नव्हती. ड्यू पॉन्ट मेला, ती इस्टेट विकली गेली, तिथं आता बंगले आहेत. विलानोव्हातल्या क्रीडागृहावरचं त्याचं नावही निघालं. खासबाग अजून उभं आहे, कारण ते कुणा एकाचं कधी नव्हतंच.

आपल्या तालमीही अशाच. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी, काळा इमाम ही नावं घेतली की पेठ डोळ्यांसमोर येते, धनी येत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ आज फुटबॉल खेळतात आणि भांडतात ते पेठेच्या नावावर. पुराच्या वेळी बोटी आणि भाकरी याच तालमी पोचवतात. आणि गावोगावच्या जत्रेतली पद्धत आठवा: घरटी पट्टी जमते, हँडबिलावर छापून येतं की एक नंबरची कुस्ती अमक्याच्या देणगीतून, दोन नंबरची तमक्याच्या. देणाऱ्याचं नाव होतं, फेटा बांधला जातो, नारळ मिळतो. पैलवान इनाम घेतो आणि आपल्या वस्तादाकडं परत जातो. देणगीदारानं विकत घेतली ती एक कुस्ती. पैलवानाची पहाट त्यानं विकत घेतलेली नसते. किती शहाणपणाची वाटणी आहे ही! उणीव एवढीच की ती हंगामापुरती चालते आणि जखमी पैलवानाला तिच्यात जागा नाही.

म्हणून मला ‘दत्तक’ हा शब्दच खटकतो. वीस-बावीस वर्षांचा, नव्वद किलोचा, मिशा फुटलेला माणूस दत्तक कसा घेता येईल? दत्तक घेतलेल्याचं नाव बदलतं, घर बदलतं, बापही बदलतो. पैलवानाला बाप आहे आणि तालमीत वस्ताद आहे. त्याला हवं आहे ते मानधन, आणि मानधनाच्या अटी कागदावर.

कुणी म्हणेल, मग सरकारकडंच सगळं द्या. सरकारी छत्र सुरक्षित असतं, हा समजही खरा नाही. २०२३ मध्ये देशाच्या नामवंत महिला मल्लांना लैंगिक छळाचे आरोप घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसावं लागलं, ते कुठल्या खासगी इस्टेटीतल्या धन्याविरुद्ध नव्हे, सरकारमान्य राष्ट्रीय कुस्ती महासंघाच्या अध्यक्षाविरुद्ध. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण शिबिर, निवड, शिस्तभंगाची कारवाई आणि परदेश दौरा हे सगळं ज्या दारातून जातं, तक्रारही त्याच दारात द्यायची असेल तर मुलगी ती देणार कशी? मूठ सरकारी असली काय आणि खासगी असली काय, आतल्याला ती सारखीच आवळते. कोल्हापूर परिसरात आता मुली मोठ्या संख्येनं मॅटवर उतरताहेत. त्यांच्या राहण्याची किल्ली कुणाकडं आहे, हा प्रश्न तालीम मंडळांनी आजच विचारायला हवा.

मूठ उघडायची कशी, तर त्याला फार मोठी अक्कल लागत नाही, चिकाटी लागते. देणगी तालमीच्या नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्यावर यावी, पैलवानाच्या हातात रोख नको आणि वस्तादाच्या खिशात तर नकोच. बांधिलकी एका हंगामाची नको, निदान तीन वर्षांची असावी आणि सहा महिन्यांची रक्कम आगाऊ जमा असावी, म्हणजे देणाऱ्याचा रुसवा झाला तरी दुसऱ्या दिवशी दूध बंद पडणार नाही. दुखापतीच्या काळात मानधन चालू राहील हे कलम सर्वांत वर हवं, कारण मदत नेमकी तिथंच आटते: मॅट द्यायला दहा जण तयार असतात, मॅटवर नाव घालता येतं, एमआरआयच्या बिलावर नाव घालता येत नाही. खोली देणगीदाराच्या मालकीच्या जागेत नको. तालमीच्या माडीवर दहा बाय दहाची का असेना, ती तालमीची असावी. आणि वस्तादाचा पगार दोन-तीन ठिकाणांहून यावा.

या शेवटच्या कलमाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण पैलवानाचं शरीर वाचतं ते त्याच्यावर. आता मॅटवरच्या मोठ्या स्पर्धेत दोन दिवस चालणाऱ्या गटात दोन्ही सकाळी वजन होतं. आदल्या दिवशी पाणी तोडून पाच-सहा किलो उतरवलेला पैलवान रात्रीत ते परत चढवतो आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा काट्यावर उभा राहतो. १०० ग्रॅमनं काय होतं ते पॅरिसमध्ये २०२४ ला विनेश फोगाटच्या बाबतीत सगळ्या देशानं पाहिलं. पदकाचा फोटो हवा असलेला देणगीदार म्हणणार, ‘खालच्या गटात उतरवा, तिथं जोड हलकी आहे.’ त्याला ‘यंदा नाही, पोराचं शरीर तुटेल’ असं सांगायला वस्तादाची जीभ मोकळी पाहिजे. घरचा किराणा त्याच देणगीदाराकडून येत असेल तर ती जीभ अडखळणारच. त्यात वस्तादाचा दोष नाही. डेव्ह शुल्ट्झसारखा जगज्जेता, सगळ्यांचा लाडका माणूस धोका समोर दिसत असूनही तिथून निघू शकला नाही. चार हजार कुटुंबांच्या पेठेतला साधा वस्ताद काय करणार?

राहता राहतो एक आक्षेप, आणि तो व्यवहारी माणसांचा आहे: एवढ्या अटी घातल्यावर पैसे देणार कोण? हुकूम चालणार नसेल तर धनिकाला त्यात रस काय? याचं उत्तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ त्यांचं कुटुंब देत आलं आहे. कुस्ती कुणी मारायची हे ते कुटुंब ठरवत नाही, तरी ती गदा खांद्यावर घेणं हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक पैलवानाचं स्वप्न आहे. इनामाच्या कुस्त्यांची हँडबिलं आजही नावांनी भरून जातात. हुकुमाशिवाय जो देतच नाही, त्याला पैलवान हवे असतात, कुस्ती नको असते. असा देणगीदार हातचा गेला तर तालमीचं नुकसान होत नाही. प्रश्न उरतो तो गरजेचा. तालीम इतकी अडचणीत असू नये की पहिल्याच थैलीला तिनं दार सताड उघडावं. म्हणून मोठा धनिक येण्याआधी पेठेतल्या पन्नास दुकानदारांची दरमहा पाचशेची पट्टी सुरू झालेली बरी. महिन्याचे पंचवीस हजार होतात. एवढ्यावर तालीम श्रीमंत होत नाही, पण समोरच्याशी मान ताठ ठेवून बोलणी करू शकते.

डेव्ह गेल्यावर त्याच्या पत्नीनं, नॅन्सी शुल्ट्झनं, त्याच्या नावानं कुस्तीचा क्लब काढला. फॉक्सकॅचरवर सराव करणारा कर्ट अँगल ती सुसज्ज जागा सोडून या नव्या, हलाखीतल्या क्लबात आला. ऑलिंपिक तोंडावर होतं, मानेला गंभीर दुखापत झालेली, आणि मागं ८०० एकरांचा धनी नव्हता. जुलै १९९६ मध्ये अटलांटात १०० किलोच्या गटाचं सुवर्णपदक त्यानं जिंकलं.